धोंडासुराची दुसरी आवृत्ती

एखादं पुस्तक पहिल्यांदा काढताना फारसं काही घडत नाही. लिहायचं, झेरॉक्स मारायची, संपलं. पण त्याची दुसरी आवृत्ती काढायची म्हटलं की किस्सेच किस्से! आम्ही चौघं आजही भेटलो की त्याच आठवणी निघतात, आणि एक सांगून होतोय तोवर दुसऱ्याला चौथा आठवलेला असतो.

आम्ही चौघं म्हणजे सिद्धार्थ, मंदा, पोपट आणि मी. सिद्धार्थ अंथुर्ण्याचा, इंदापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मंदा सांगवीच्या शाळेत बाई होती. पोपट दूध डेअरीची गाडी चालवायचा आणि मी बारामतीत एका फोटो स्टुडिओत होतो. नव्वदच्या दशकात इतर लोक रविवारी केबलवर पिक्चर बघायचे. आम्ही राक्षस मारायचो.

झालं असं, सिद्धार्थला पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी खेळाचं पुस्तक मिळालं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि अडचण आली की नशीब आजमावायचं. सिद्धार्थनं ते मराठीत उतरवलं, नाव ठेवलं 'पाताळवाट', आणि आमची पहिली आवृत्ती तयार झाली.

खेळायला खोली होती तात्यांची. धोंडिबातात्यांचं खाली मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मागं त्यांचं आणि काकूंचं घर आणि वर ही रिकामी खोली. चावी कायम तात्यांच्या करदोट्याला. दुसरीकडं कुठं चार तास बसू देईल असं बारामतीत कोणी नव्हतं. आम्ही विचारून बघितलं होतं.

* * *

मूळ पुस्तकातली नावं सगळी परदेशी. म्हणताना जिभेला गाठी पडायच्या. म्हणून सिद्धार्थनं मधूनमधून हाताशी येतील ती नावं घातली होती. पाताळातल्या झऱ्यावर बसून कुणाला थेंबभर पाणी न देणारा जो सगळ्यात मोठा राक्षस होता, तो लिहिताना खाली तात्या पाण्याच्या टाकीवरून शेजाऱ्यांशी भांडत होते. राक्षसाचं नाव पडलं धोंडासुर!

एका रविवारी तात्या फ्यूज बघायला वर आले आणि पुस्तक उचलून वाचायला लागले.

"ह्यो धोंडासुर कोन?"

"काल्पनिक आहे, तात्या," सिद्धार्थ म्हणाला.

"ह्या काल्पनिकाच्या बी डाव्या गालावर मस हाय?"

"...व्हय."

"आन त्यो बी तंबाखू मळल्याबिगर बोलत न्हाय?"

तात्यांनी पुस्तक खाली ठेवलं, तंबाखू मळली आणि मग बोलले, "दिवाळीपतुर दुसरी आवृत्ती काढा. नावं बदला, समदं बदला. मी सोता बसून खेळून बघनार. पटलं न्हाय तर खोली खाली!"

दार लावून गेले. फ्यूज तसाच.

* * *

बदलायचंच आहे तर सगळंच आपल्याकडचं करू, असं ठरलं. सुरुवात बर्फाच्या डोंगरांपासून झाली, कारण पोपटला ते पहिल्यापासून खटकत होते.

"बर्फात म्हशी काय खात्यात?"

"पोपट, ते जादूचं राज्य आहे," मी म्हणालो.

"जादूच्या राज्यात दूध कुठनं येतं मग?"

बर्फ काढला आणि मोरगावकडचा माळ घातला. वीरांच्या अंगावरचे फरचे कोट जाऊन घोंगड्या आल्या. पोपटनं त्या घोंगडीचा एक खास नियमच करून घेतला. राक्षसाच्या डोक्यावर घोंगडी पडली की त्याला दिसत नाही. आम्ही हसलो, पण लिहिलं.

मग ड्रॅगन. सिद्धार्थचा फार जीव होता त्याच्यावर. तो म्हणाला, "ड्रॅगन उसाच्या फडावरून उडत येतो आणि आग ओकतो. सगळा ऊस पेटतो. गावकरी घाबरून वीरांना हाका मारतात!"

पोपटनं मान हलवली. "कशाला हाका मारत्याल? जळका ऊस कारखाना आधी उचलतो. तोडीची वाट बघून लोकं टेकीला आल्यात. ड्रॅगनला मारायचा तर सोडाच, आपल्या फडाव आधी यावा म्हनून भांडत्याल!"

सिद्धार्थनं ड्रॅगनवर काट मारली. दोन दिवस तो नीट जेवला नाही.

* * *

नकाशाचं काम मंदाकडं. तिनं हौसेनं खरीच गावं घातली आणि नकाशा रंगवायला शाळेत नेला. तिथं तो मुख्याध्यापकांनी बघितला.

"बाई, सांगवीत हे काय दाखवलंय?"

"भूत आहे, सर. पडक्या विहिरीत."

"आणि खजिना?"

"अंथुर्ण्याला."

सर गंभीर झाले. "आपल्या गावाला भूत आणि त्यांना खजिना? गावकऱ्यांना काय सांगू मी? ह्या भुताची बदली करा!"

मंदानं रविवारी सिद्धार्थला निरोप दिला, की सांगवीच्या भुताची बदली अंथुर्ण्याला झालीय. सिद्धार्थ मान वर न करता म्हणाला, "आमच्याकडं पद रिक्त न्हाय."

शेवटी भूत नकाशाबाहेर, समासात काढलं. पोपट त्याला रजेवरचं भूत म्हणायचा.

* * *

नशीब आजमावायला मूळ पुस्तकात वीस बाजूंचा फासा होता. तो बारामतीत कुठं मिळणार? आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या लोणच्याच्या बरणीत टाकून काढायचो. एक आला की आपण मेलो. वीस आला की समोरचा मेला.

पण पहिल्या आवृत्तीत वर्षभर कुणी मेलंच नाही! आम्हाला वाटायचं, आम्ही भलतेच हुशार आहोत. नव्या आवृत्तीसाठी मंदानं बरणी सोड्यानं घासली, तेव्हा तळाशी तेलात चिकटलेल्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक आणि वीस! त्या दोनच लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या होत्या, जड होऊन तळाला बसलेल्या.

धुतलेल्या बरणीनं खेळलो त्या दुपारी आम्ही सगळे ओळीनं मेलो. पोपट तर खेळ सुरू व्हायच्या आत, घोडा निवडताना मेला.

"लोनचं होतं तवर अमर होतो," तो हळहळला.

* * *

या वेळी छापील पुस्तक काढायचं होतं. पोपटच्या ओळखीचे एक प्रेसवाले अण्णा होते. सगळा धंदा लग्नपत्रिकांचा. त्यांनी दिवाळीच्या तोंडावर सगळ्या प्रती बांधूनच दिल्या. उघडून बघतो तर पहिल्या पानावर 'श्री गणेश प्रसन्न'. ठीक आहे. पुढं राक्षसांची वंशावळ, त्यात 'चि. रक्तदंत' आणि 'सौ. कां. विषकन्या'! आणि शेवटच्या लढाईच्या प्रकरणाखाली ठळक अक्षरात, 'कृपया आहेर आणू नये.'

मंदा तावातावानं प्रेसमध्ये गेली. अण्णा ओशाळले. "सवयीनं हात जातो हो बाई. पण मजकूर शोभतोय का नाही, ते सांगा."

पुन्हा छापणं शक्य नव्हतं. पोपटनं आहेराच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजी राक्षसाकडं जाताना तलवार भायेर ठिवायची का?"

छापलंय तर छापलंय. नियम झाला.

* * *

आणि आला तो रविवार. तात्या अंघोळ करून, टोपी घालून, नव्या आवृत्तीसमोर मांडी घालून बसले. चावी करदोट्याला लटकत होती आणि आमचे सगळ्यांचे डोळे तिच्यावर. मला खरंच भीती वाटत होती. ही खोली गेली की आमचे रविवार गेले, हे चौघांनाही ठाऊक होतं.

सिद्धार्थनं भरपूर मानपान केला होता. राक्षसाचं नाव आता खडकासुर. आणि तात्यांसाठी खास नवीन पात्र, महाराजाधिराज धोंडीराज! सोन्याचं सिंहासन, वर छत्र. गालावर मस नाही.

तात्या खूश झाले. वीर मोहिमेवर निघाले.

"आता मी काय करू?" तात्यांनी विचारलं.

"आशीर्वाद द्या, महाराज."

तात्यांनी हात वर केला. आम्ही माळ ओलांडला, नदी ओलांडली.

"आता?"

"आशीर्वादच, महाराज."

आम्ही पाताळाच्या दारात पोचलो तेव्हा तात्यांनी हात खाली घेतला. "आशीर्वाद देऊन देऊन खांदा दुखाय लागला! ह्यो राजा हाय का लग्नातला पावना? आन खाली झऱ्याव बसलाय त्यो कोन?"

"खडकासुर, तात्या."

"आधी तितं मी हुतो न्हवं?"

सिद्धार्थनं पुस्तक पुढं केलं. "व्हय, पण तुमीच म्हनला..."

"मी म्हनलो नावं बदला. मला उठवा म्हनलो का? व्हा बाजूला!"

सिद्धार्थनं मुकाट्यानं नव्याकोऱ्या छापील पानावर खडकासुर खोडून धोंडासुर लिहिलं. तात्यांनी तंबाखू मळली, आणि राक्षस बोलायला लागला. काय बोलला! आम्ही पाणी मागितलं तर म्हणे, "पाळीनं मिळंल. तुमची पाळी मंगळवारी." मंदा म्हणाली, राज्यात लोक तहानलेत. तर म्हणे, "वरचा पाट आधी साफ करा, मग बोला." आम्ही दम दिला, गयावया केली, रजेवरच्या भुताला मध्यस्थीला आणलं. धोंडासुर हलेना. वर्षभरात असा राक्षस आम्हाला भेटला नव्हता.

शेवटी पोपट उठला. तलवार नियमाप्रमाणं बाहेर ठेवलेली. "राक्षसाच्या डोक्याव घोंगडी टाकतो, आन देतो ढकलून झऱ्यात!"

त्यानं बरणीत हात घातला आणि चिठ्ठी उलगडली. वीस!

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग आम्ही चौघं एकदम नाचायलाच लागलो. पोपट खिडकीपाशी जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडला, "मेले! तात्या मेले! तात्या मेले रं!"

खाली दुकानासमोरची वर्दळ थांबली. सायकली थांबल्या. समोरच्या किराणावाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. कुणीतरी टोपी काढली. बघता बघता खाली ही गर्दी! आम्ही वर गारठलो आणि तात्यांकडं बघायला लागलो.

तात्या सावकाश उठले. टोपी सारखी केली. करदोट्याची चावी सोडून पोपटच्या हातात दिली आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. खाली एक बाई किंचाळली.

"व्हय, मेलोय!" तात्या गरजले. "आन मरताना ही खोली पोरांच्या नावानं करून गेलोय. समदी साक्षीला हायसाच. जावा आता घरी!"

गर्दी हलेना. तेवढ्यात मागच्या दारातून काकूंचा आवाज आला, "मेला आसशीला तर खाली येऊन च्या पिऊन जावा. गार व्हतोय."