आधी काम बघा

दिवाळी झाली, भात कापून झालं की आमच्या पाड्यावर वीटभट्टीचा ट्रक यायचा. आई आणि बा भांडी, कोंबड्या, गोधड्या घेऊन चढायचे. मी खोडाळ्याजवळच्या आश्रमशाळेत. संक्रांतीच्या सुट्टीत एकदा हट्टाने घरी गेले, तर दार दोरीने बांधलेलं. ओट्यावर थोडा वेळ बसले आणि परत फिरले.

ट्रकच्या आधी भट्टीचा सेठ यायचा. पैशाचं तो विचारायचा तेव्हा बा एकच बोलायचा, "आधी काम बघ सेठ, मंग तूच बोल." यात लाचारी नव्हती, हे मी आजही सांगते. आपल्यात काम दाखवण्याआधी दाम बोलणं हलकं समजतात. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, मात्र सेठच ठरवायचा.

बीकॉम झाले आणि पिशवी घेऊन मोखाड्याहून एसटीने ठाण्याला आले. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. हिशेबाचं टॅली शिकले. पहिला इंटरव्ह्यू एका गोदामाच्या ऑफिसात. बिलांचे प्रश्न नीट गेले. शेवटी सरांनी विचारलं, "सॅलरी एक्स्पेक्टेशन?"

मी म्हणाले, "आधी महिनाभर काम बघा सर, मग तुम्हीच ठरवा."

सरांनी शेजारच्या मॅडमकडे पाहिलं. "तरी आकडा?" मी पुन्हा म्हणाले, "तुम्हीच ठरवा, सर." "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

माझ्यासोबत खोलीवर राहणारी जामसरची सुनीता हॉस्पिटलात बिलिंगला आहे. ती हसून म्हणाली, "येडी का तू? त्यांना वाटलं, हिला आतापर्यंत कुणी पगारच दिला नाही." मग रोज संध्याकाळी ती सिलेंडरवर बसून साहेब व्हायची. "बोला मॅडम, अपेक्षा?" मी पुटपुटायचे, "अठरा." "मालकिणीशी भाड्यावरून भांडतेस तो आवाज काढ." अठरा हजार तिनेच चार ठिकाणी विचारून काढले होते.

दुसऱ्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी बाचा फोन आला. रेंजसाठी तो माळावर चढला होता, दम लागलेला. सेठ येऊन गेला होता, भट्टीवर येणार का, ते आठ दिवसांत सांगायचं होतं. मी म्हटलं, "हो म्हणू नको. माझं नोकरीचं होतंय." किती मागणार ते सांगितलं. बाने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "जास्त बोललं तं सेठ दुसऱ्या नवरा-बायकोची जोडी घेतो, पोरी."

ते वाक्य कानात घेऊनच दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले. पगाराचा प्रश्न आला. मी म्हणाले, "अठरा हजार."

"फ्रेशरला जास्त होतात."

'तुम्ही द्याल ते' अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. म्हणाले, "काम मला येतं, सर. आत्ता बसवून बघा. पण आकडा हाच."

त्यांनी खरंच कॉम्प्युटरवर बसवलं. वीस बिलं दिली. सगळी चढवली, एक चुकलेला जीएसटीही दाखवला. "कळवतो," तेही म्हणाले.

मग सहा दिवस फोन उशाशी. हजार-दोन हजार कमी बोलले असते तर, हेच डोक्यात. सातव्या दिवशी दुपारी त्या ऑफिसातल्या एका मॅडमचा फोन आला. सतरा देतो, सहा महिन्यांनी अठरा. मी हो म्हटलं आणि लगेच बाला लावला. लागला नाही. तीनदा लावला. संध्याकाळी त्याचाच आला, "सेठला काय सांगू?"

"नाही सांग."

पाड्यावरच्या पोरापोरींनो, तुम्हीही या खुर्चीवर बसाल. काम दाखवायला लाजू नका, आकडा सांगायलाही लाजू नका. बा चुकीचं शिकवत नव्हता, त्याला आकडा बोलायची सोय नव्हती.

आता माझं सगळं सामान ठाण्याच्या खोलीत आहे. तरी घर विचारलं की मी पाड्याचंच नाव सांगते. यंदा संक्रांतीला गेले. दार उघडं होतं, आई नागलीची भाकर थापत होती. बा म्हणाला, "ट्रक गेला. आम्ही नाय गेलो."

मला नोकरी लागली. आई-बा यंदा भट्टीवर गेले नाहीत.