काशीला न गेलेल्या पायांचं पाणी

प्रिय सई आणि ओम,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की चष्म्याचं नवीन मॉडेल आलंय आणि ते तुम्ही आजीसाठी पाठवणार आहात. आमची आजी डोणगावच्या घरात खुर्चीवर बसून जग फिरते, असं तुम्ही मित्रांना सांगता म्हणे. तुमच्या आवाजातला अभिमान ऐकवेना, म्हणून मी फोन लवकर ठेवला. त्या फिरण्यातून माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. ती लपवून तुमच्याकडून दुसरा चष्मा घेणं मला जमणार नाही, म्हणून सकाळची कामं आटोपून लिहायला बसले आहे.

मला प्रवासाची किती ओढ, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत इंग्रजी शिकवताना धड्यात एखादं शहर आलं की मी भिंतीवर नकाशा टांगून मुलींना तिथवरचा रस्ता दाखवायची. निवृत्तीनंतर काशीला जायचं, असं तुमच्या आजोबांनी आणि मी ठरवलं होतं. ते त्याआधीच वारले. पुढे न्हाणीत पडून माझं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, डॉक्टर चाला म्हणत होते, पण मनात भीती बसली ती बसलीच. वॉकर घेऊन फाटकापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, एवढंच जग उरलं. शेगावच्या महाराजांच्या तसबिरीसमोर मी रोज बसायची. फिरण्याची हौस दिलीत आणि पाय काढून घेतलेत, हा कुठला न्याय, असं विचारायची. नामस्मरण चालू होतं, पण त्यात श्रद्धेपेक्षा तक्रार जास्त होती.

मग तुमचा चष्मा आला, डोळ्यांवर चढवला की दूरची जागा चहूबाजूंनी समोर उभी करणारा. पहिल्या दिवशी बर्फाचे डोंगर समोर उभे राहिले तेव्हा मी खुर्चीचे हात गच्च धरले होते. नंतर सवय झाली. दुपारचं जेवण झालं की दार लोटून मी निघायची. समुद्र पाहिले, आगगाडीने बोगदे ओलांडले, आणि काशीच्या घाटावर येऊन थांबले. तिथेच रमले. ती चित्रफीत मला पाठ झाली. एका पायरीवर कपडे धुणारी बाई मान वर करून सरळ माझ्याकडे पाहते. रोज त्याच जागी, तशीच. काही दिवसांनी मला वाटायला लागलं, ही मला ओळखते. हसू नका. एकट्या माणसाकडे कोणी रोज मान वर करून पाहिलं, तर त्याचीही ओढ लागते. तो आनंद खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

संध्याकाळी कमला भाजी घेऊन येते. तिचा मळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. "मॅडम, आज कुठलोक जाऊन आल्या?" असं ती चेष्टेनं विचारायची, आणि पायरीवर टेकून घाटांची वर्णनं ऐकायची. तिला चष्मा माहीत होता. मळ्यातच असणाऱ्या तिच्या सासूला, गोदाबाईंना, तो माहीत नव्हता. मॅडमनी काशी पाहिली, एवढंच त्यांच्या कानावर गेलं.

एका संध्याकाळी कमला भाजीऐवजी तांब्या आणि परात घेऊन आली. आपल्याकडे काशी करून आलेल्या माणसाचे पाय धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. ज्याचं जाणं होत नाही त्यालाही त्यातून थोडं पुण्य लाभतं, अशी श्रद्धा आहे.

"सासूनं धाडलं," कमला हसत म्हणाली. "काशीवाल्या मॅडमच्या पायाचं पाणी आण म्हणे. म्हातारीच्या मनाचं समाधान, दुसरं काय!"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. बाई गं, मी या खुर्चीतून हललेले नाही, हे तुझ्या सासूला सांग, एवढंच म्हणायचं होतं. मी नुसतं "अगं, कशाला" म्हटलं आणि पाय पुढे केला. कमलानं पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. लिहायला हात अडतो, पण मला ते आवडलं. त्या क्षणी मी खरंच काशी करून आले होते.

पुढे थोड्याच दिवसांत, वांगी तोलता तोलता, कमला सहज बोलून गेली. गोदाबाईंसाठी मुलानं काशीयात्रेच्या बसमध्ये जागा ठरवली होती. गाडी परवा निघायची होती. "आता जात नाई म्हणते. तीर्थ पेली ना! म्हणे, झाली माही काशी. एका हिशोबानं बरंच झालं, गाडीत उलट्या होतात तिले."

शेगावच्या पलीकडे गोदाबाई जन्मात गेल्या नव्हत्या. त्या आधीच बिचकत होत्या, त्यांना थांबायला निमित्त हवं होतं. ते मी पुरवलं. मला जाता येत नव्हतं, आणि ज्या बाईला जाता येत होतं तिची वाट मी माझ्या पायांनी अडवली. मी कमलाला खरं काय ते सांगायला सांगितलं. ती म्हणाली, "पाह्यली ना तुम्ही काशी? मंग झालं! काऊन मनाले लावून घेता?" ती सांगणार नाही, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसबिरीसमोर बसले, तर तक्रारीचा एक शब्दही सुचेना. मान वर होईना. काही न मागता उठले, वॉकर घेतला आणि फाटकाबाहेर पडले. गल्ली कशीबशी पार केली. मोठ्या रस्त्याच्या कडेला आल्यावर मात्र पाय थिजले. मालट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्यानं पदर उडत होता. पुढेही जाता येईना, मागेही फिरता येईना.

"पल्याड जायचं हाय का, बाई?"

एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली, वयानं माझ्याएवढी. मी मान हलवली. तिनं वॉकर घडी करून काखेत मारला आणि माझा हात हातात घेतला. बांगडी चढवण्याआधी कासारीण हात दाबून मऊ करते ना, तसा.

"हात ढिला सोड," ती म्हणाली.

"मी बांगड्या भरत नाही हो."

"मी कुठं भरून राह्यली? ताठ हातात बांगडी फुटते, अन् ताठ माणूस पडते. सोड ढिला."

मी सोडला. दुखणं झाल्यापासून अंग असं कोणाच्या हवाली केलंच नव्हतं. रस्ता कधी संपला कळलं नाही. धुऱ्यापाशी, शेताच्या बांधावर, तिनं वॉकर उघडून माझ्यापुढे ठेवला, मळ्याकडे बोट दाखवलं आणि गेली. मला मळ्यातच जायचं आहे, हे मी तिला सांगितलं नव्हतं. नंतर कमला म्हणाली, "आज बाजार नाई, कासारीण कशी येईन?" गल्लीतही कोणी तिला पाहिलं नव्हतं. मी त्यावर काही म्हणत नाही. घडलं ते लिहिलं.

गोदाबाई कमलाशेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मला पाहून लगबगीनं उठल्या, पाया पडायला वाकल्या. मी त्यांचे खांदे धरले आणि सगळं सांगून टाकलं. चष्मा, खुर्ची, पाय पुढे केला तेही.

गोदाबाई ताठ उभ्या राहिल्या. "मंग मी पेली ते कायचं पाणी होतं?"

"साधं. माझ्या पायाचं."

"तरीच मी म्हणतो, तीर्थाले फिनाईलचा वास काऊन येते!" त्या म्हणाल्या. कमला तोंडाला पदर लावून हसली. गोदाबाई हसल्या नाहीत. "शिकलेली बाई तू. लाज नाई वाटली तुले?"

"तेव्हा नाही वाटली. आता वाटते आहे."

"वाटू दे," त्या म्हणाल्या, आणि मुलाला हाक मारली. "जागा हाय का रे अजून गाडीत?"

"हाय ना," तो पाटाचं पाणी वळवता वळवता म्हणाला. "तुह्या मनाचा भरोसा नाई, म्हून 'नाई येत' असं सांगतलंच नव्हतं मी गाडीवाल्याईले."

गोदाबाई काशीला गेल्या. परत आल्या त्या आवाज बसलेला, पाय सुजलेले, आणि चेहरा असा की मी आधी ओळखलंच नाही. "लय गर्दी, लय घाण! एका बाईनं असा धक्का देला, गंगेतच गेली असती मी. पण पाणी काय थंडगार, मास्तरीण! हाडात गेलं." माझ्या काशीत कोणी मला धक्का दिला नव्हता. माझ्यासाठी गंगा आणली का, असं मी भीतभीत विचारलं. "तुह्यासाठी? नाई आणली. तू सोता जाय."

बाळांनो, नवीन चष्मा पाठवू नका. जुना चांगला आहे, मी तो अजूनही लावते, तेवढा आनंद देवानं ठेवला आहे. पण रोज संध्याकाळी मळ्यापर्यंत चालत जाते. रस्त्याच्या कडेला कोणी ना कोणी भेटतं, आणि मी त्याच्या हातात हात देते. पुढचं तो पाहून घेतो. त्या सकाळी मी काहीच मागितलं नव्हतं, तरी मिळालं. त्याची परतफेड मला सुचत नाही. आता तसबिरीसमोर बसते तेव्हा न्याय मागत नाही. एवढी लाज मात्र काढून घेऊ नका, असं म्हणते. ती अजून आहे.