बोलता येईल इतकंच चालायचं

"काकू, ही ॲसिडिटी नाही. हार्ट अटॅक आहे," नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडात ओवा होता. मुखेडहून निघाल्यापासून तोच चघळत होते. वय बावन्न, वजन ब्याण्णव किलो. सकाळपासून जबडा आणि पाठ दुखत होती, तरी मी भाकरी उरकत बसले. तुम्ही असं करू नका.

अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडून आत स्टेंट नावाची बारीक जाळी बसवली. घरी आले आणि खाटेला चिकटले. उठलं की धडधडायचं. चार पावलं टाकली की आपण संपलो, असंच वाटायचं. भेटायला येणारी प्रत्येक बाई "हलू नगा वैनी" म्हणायची आणि आणलेला शिरा भरवायची. माया खरी होती, पण महिनाभरात दोन किलो वाढले.

तपासणीला गेले तर डॉक्टर चिडलेच. त्यांनी कार्डियाक रिहॅबिलिटेशनला पाठवलं. म्हणजे हृदयाला देखरेखीखाली पुन्हा कामाची सवय लावायची. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी छातीला तारा लावून चालायला सांगितलं, तर मला रडूच फुटलं. जगायचं तर होतं, पाऊल मात्र उचलत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "वजन हळूहळू उतरेल, आधी भीती जाऊ द्या. घरी टॉक टेस्ट करा. चालताना बोलता आलं तर वेग बरोबर. धापेने वाक्य तुटलं तर हळू व्हा. छातीत दुखलं तर थांबायचं आणि लगेच कळवायचं. सोबत कुणीतरी हवं."

इथेच पंचाईत झाली. आमचे हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. लग्नापासून रस्त्याने हे पुढे, मी दहा पावलं मागे. चालताना आम्ही कधी बोललोच नव्हतो. पहिल्या दिवशीही हे झपाझप निघाले. मी ओरडले, "अहो, बोलू कुणासंगं? खांबासंगं?"

हे ओशाळून शेजारी आले. काय बोलावं सुचेना, म्हणून दुकानांच्या पाट्या वाचू लागले. आठवडाभर आमचा संसार पाट्यांवरच चालला. मला हसू यायचं आणि हसण्यात पावलं पडायची.

एके दिवशी पाट्या संपल्या. हे खाली बघत म्हणाले, "नांदेडला दवाखान्यात तू आत होतीस ना, तवा दाराशी बसून एकच इचार करत राहिलो. तीस वर्सं मागं वळून बघितलं न्हाई. तू हाईसच, असं धरून चाललो. लई भ्यालो गं."

माणसं बघत होती, तरी मी भररस्त्यात त्यांचा हात धरला. त्या दिवशी मला माझ्या दुखण्याचाही राग आला नाही.

आता वजन शहाऐंशी आहे. अजून बरंच उतरायचंय. रोज सकाळी हे आधी माझ्या चपला उंबऱ्याशी नीट मांडून ठेवतात आणि मग स्वतःच्या शोधत बसतात.