बॉनेटपासून बोटांपर्यंत

मामांनी तीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्या रंगवल्या. मग कंबरेनं संप पुकारला आणि मामा घरी बसले. घरी बसले म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावरच बसले. शेवटी धाकट्या बहिणीनं त्यांना आलेले फोन उचलायला म्हणून आपल्या ब्युटी पार्लरमध्ये नेलं.

एके दिवशी नखं रंगवणारी मुलगी आलीच नाही. खुर्चीत वकीलबाई सारख्या घड्याळाकडे बघतायत, बहीण केस कापण्यात अडकलेली.

"बाटली आण इकडे," मामा म्हणाले.

"दादा, ते बॉनेट नव्हे!"

"बॉनेटवर माशी बसली तरी मी पुन्हा घासायचो. इथे तर दहाच तुकडे."

पातळ एक हात, वाळू दिला, मग दुसरा. वकीलबाईंनी नखं उजेडात धरली. "पुढच्या वेळी मला हेच हवेत."

मामांना आनंद झाला आणि धास्तीही बसली. गॅरेजात कळलं तर? त्यांनी आपली खुर्ची पडद्यामागे ओढली.

कॉलेजात इतिहास शिकणाऱ्या भाचीनं त्यांना धीर दिला. "मामा, बॅबिलोनमधले पुरुष म्हणे लढाईआधी नखं रंगवायचे. चीनमध्ये मेण, अंड्याचा पांढरा बलक आणि फुलांच्या पाकळ्यांचा रंग करायचे. राजघराण्याचा लाल रंग सामान्यांनी लावला, तर शिक्षा व्हायची म्हणतात! आणि आताची नेलपॉलिश शंभरेक वर्षांपूर्वी आली, ती गाड्यांच्या रंगावरून."

मामा ताडकन उठले. कंबर सावकाश मागून उठली. "म्हणजे मी धंदा बदललाच नाही! गाडी तेवढी लहान झाली."

पडदा निघाला. लाल रंग मागणाऱ्या बाईला मामा गंभीरपणे सांगू लागले, "तुम्ही जुन्या चीनमध्ये असता, तर तुरुंगात गेला असता." बायका मैत्रिणींना घेऊन येऊ लागल्या.

शेवटी व्हायचं ते झालं. गॅरेजचा फोरमन दारात उभा! पोट धरधरून हसला. मामांनी त्याला शांतपणे बॅबिलोन ऐकवलं. हसू ओसरल्यावर त्यानं खिशातला हात हळूच बाहेर काढला. हातोडीखाली सापडलेल्या अंगठ्याचं नख काळंनिळं.

"उद्या साहेबांबरोबर फोटो आहे. टचिंग होईल?"

मामांनी चष्मा चढवला. "होईल. पण एकालाच रंग मारला तर शेड वेगळी दिसेल. दहाही करावी लागतील."

फोरमननं दाराकडे पाहिलं. "बिनरंगाचा नाही का?"

"काळ्यावर बिनरंगाचा? तीस वर्षांत हेच शिकलास?"

फोटोत फोरमन पुढच्या रांगेत आहे, फिक्या गुलाबी नखांचा. आता सोमवारी पार्लर बंद असतं, तेव्हा मागच्या दारानं गॅरेजचे तिघे येतात. बहीण म्हणते, रंग निवडायला बायका परवडल्या.