दोन घागरी पाणी

गाडीच्या इंजिनातून तापलेल्या पाण्याचा वास आला की मला कळमनुरीहून औंढ्याकडे जाताना लागलेला तो चढ आठवतो. नोकरीतून मोकळ्या झालेल्या वडिलांना टेकड्यांवरची जुनी गढ्यांची गावं एकदा डोळे भरून बघायची होती, म्हणून ऐन वैशाखात आम्ही दोघंच निघालो, मी गाडी चालवत आणि ते मागच्या सीटवर पाय लांब करून. दोन गढ्या बघून झाल्या आणि तिसऱ्या गावाच्या वेशीत, काळ्या दगडी बुरुजाखाली, गाडी वाफा सोडत बंद पडली. मी बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. तेवढ्यात खालच्या विहिरीवरून एक बाई डोक्यावर एक नि कमरेवर एक घागर घेऊन चढ चढून आली. "मावशी, गाडीला थोडं पाणी द्याल का?" मी विचारलं. तिची नजर मागच्या सीटवर गेली. "गाडीचं काय घेऊन बसला, भाऊ? बाबाकडं बघ की! एवढ्या उन्हात आंगाला घाम न्हाई त्यांच्या!" मी वळून पाहिलं, तर वडील लालबुंद होऊन डोळे मिटून पडले होते. तिनं एक घागर सरळ त्यांच्या डोक्यावर ओतली, उपरणं भिजवून गुंडाळलं आणि शुद्धीवर आल्यावर घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "गढी बघायची राहिली की." ती हसली, दुसरी घागर गाडीला दिली आणि रिकामी भांडी घेऊन पुन्हा टेकडी उतरली. वडील त्यानंतर सात उन्हाळे आमच्यात होते. आता मागच्या सीटवर माझी लेक बसते. गाडी तापली की बॉनेटला हात लावण्याआधी मी मागे वळून बघतो.