रविवारचा पिवळा दोरा

"कोण बाहेरची असून रानात आल्ती? खरं सांगा."

शुक्रवारी संध्याकाळी सरांनी आम्हा अकरा जणींना बांधावर ओळीने उभं केलं होतं. मी दहावीत होते. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला त्यांचा कपाशीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट होता. त्यांच्या ओंजळीत गळालेल्या कळ्या होत्या.

माझी आई बोलली.

"सर, हिला आली हाय. लेकरू हाय, चुकलं."

ती माझ्या शेजारी उभी होती. माझ्याकडे न बघता बोलली.

पाळी आली की चार दिवस प्लॉटात यायचं नाही, नाही तर बोंड धरत नाही, असा नियम होता. पण आलं नाही की सगळ्यांना कळायचं. सरांनाही. आणि सर सकाळी वर्गात समोर असायचे. म्हणून मी लपवून गेले होते.

"दहावीला गेली तरी अक्कल न्हाई," सर म्हणाले. "ह्यांच्या रक्तातच न्हाई, तर येणार कुठून?"

बायका हसल्या. कमलमावशी म्हणाली, "पुस्तकं वाचून विटाळ जातो व्हय गं?"

सरांनी तांब्यात गोमूत्र मागवलं. माझ्यावर शिंपडायला लावलं. मी शाळेच्या गणवेशात होते.

"उद्या नारळ आण. मादी झाडांच्या पहिल्या ओळीपाशी नाक घास. सगळ्यांसमोर."

"घासंल, सर," आई म्हणाली.

रस्त्याने ती एवढंच बोलली, "आपल्याला दुसरं रान न्हाई. आन् तुझे प्रात्यक्षिकाचे मार्कबी त्यायच्याच हातात."

त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला आनुवंशिकता शिकवली होती. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. आईला दोष देणं अंधश्रद्धा आहे. हे त्यांनी फळ्यावर लिहिलं, आम्ही वहीत उतरवलं. बोंडअळी मरावी म्हणून जमिनीतल्या जिवाणूचा जनुक कपाशीत कसा घातला, तेही सांगितलं. चांगलं शिकवायचे. संकराच्या उत्तराला त्यांनी मला पैकीच्या पैकी मार्क दिले होते. ते उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. शाळा सुटल्यावर रोज हाताने करत होते.

काम असं असतं. दुपारी मादी झाडाच्या कळीतले परागकोश नखाने सोलून काढायचे. ते राहिले तर कळी स्वतःच्याच परागांनी फळते आणि बी संकरित होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं ताजं फूल त्या कळीवर फिरवायचं. मग देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचा रंग रोज वेगळा. हा सरांचाच नियम. कोणत्या दिवसाचं काम बिघडलं ते कळावं म्हणून.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी नारळ घेऊन गेले. नाक घासायची जागा बघायला खाली वाकले. मातीत कळ्या पडल्या होत्या. पहिल्या कळीला पिवळा दोरा. दुसरीला पिवळा. मी पुढच्या ओळीत गेले. तिथेही पिवळा.

पिवळा दोरा रविवारचा. त्या दिवशी नराची फुलं कमी पडली होती, कारण सरांनी नर झाडं उशिरा लावली होती. ओल्या फडक्यात ठेवलेली आदल्या दिवशीची फुलं त्यांनी आम्हाला वापरायला लावली. कपाशीचे पराग दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहत नाहीत.

माझी पाळी मंगळवारी आली होती.

मी उभी राहिले आणि हे सगळं त्याच क्रमाने सांगितलं. मग सरांकडे बघून म्हणाले,

"सर, माझ्या पाळीने न्हाई गळल्या. फुलं शिळी होती."

सरांनी मातीतल्या पिवळ्या दोऱ्यांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

"शाळेतलं शाळेत," ते म्हणाले. "रान माझं हाय. घास नाक."

मी नारळ बांधावर ठेवला.

"न्हाई घासणार."

आईने माझ्या तोंडात मारली. या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या बाजूने कोणी बोललंही नाही.

त्या दिवसापासून आईला तिथलं काम बंद झालं. आजूबाजूच्या प्लॉटवाल्यांनीही बोलावणं थांबवलं. ती आता टेंपोने शहागडकडे कामाला जाते. गुडघे सुजवून परत येते. प्रात्यक्षिकात मला वर्गात सगळ्यात कमी मार्क मिळाले. मी अकरावी सायन्सला आहे. टिकेन की नाही, माहीत नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते.

परवा कमलमावशी सरांचा निरोप घेऊन आली. माझी धाकटी बहीण सातवीत आहे.

"धाकटीला पाठवा म्हणले. बोटं बारीक हायेत. अन् तिला अजून आली न्हाई ना, असं इचारलं. तुलाबी परत घेतो म्हणले."

आई चुलीपाशी बसली होती. बराच वेळ गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे तिला. माझ्याच्यानं आता टेंपोत चढणं व्हत न्हाई."

ते खरं होतं.

मी धाकटीचं दप्तर उचललं, तिचा हात धरला आणि तिला शाळेत सोडून आले. काल सोडलं, शाळा सुटल्यावर घरीही मीच आणलं. आज सोडलं. आईने जेवण सोडलं आहे. तरी उद्याही सोडणार. ती पोरगी त्या प्लॉटात जाणार नाही.