फुटवे

कटंगीजवळच्या आमच्या बांधीत घरचा वर्षाचा तांदूळ पिकायचा. कृषी केंद्राच्या मॅडमचं ऐकून मी तिथं धानाचं एकेकच रोप वीतभर अंतरावर लावलं. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ते उघडं वावर पाहून बैल हाकायची तुतारी घेऊनच धावले.

"धान लावलं का टकल्याचे केस बे?"

पहिला तडाखा पाठीत, दुसरा कानावर. रक्त चिखलात टपकलं.

"मोठे बाबा, फुटवे तर फुटू द्या!"

"पह्यले तुहं डोस्कं फुटू दे!"

दीड महिन्यात एकेका रोपाला मूठभर फुटवे आले. मोठे बाबा बांधावर बसून ते मोजू लागले. पुढच्या साली मी घाईत दोन रोपं एकत्र खोचली आणि पुन्हा तुतारी बसली.

"मॅडमनं एकच सांगतलं होतं ना बे?"